विडीचे सूप, पाळणा आणि पाटी : सोलापुरातील बालवर्गांची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या अंगणवाडीत सकाळी डोकावले, तर चार-पाच वर्षांची मुले सतरंजीवर गोल करून बसलेली दिसतात. कुणापुढे ज्वारी, हरभरा आणि शेंगदाणे एकत्र केलेले ताट असते आणि दाणे निवडून वेगवेगळ्या वाट्यांत टाकण्याचे काम चालू असते. कुणी एक लाल, दोन पिवळे, पुन्हा एक लाल अशा क्रमाने मणी ओवत असते. कुणी जुन्या लग्नपत्रिकेचे कपटे माशाच्या चित्रावर चिकटवत असते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नुकतीच झालेली असेल, तर दोन-तीन मुले हाताला लागेल ती काठी उभी धरून, यात्रेत मिरवणुकीने नेतात ती उंच मानाची काठी म्हणजे नंदीध्वज, मिरवत असतात आणि ताई त्यांना अडवत नाहीत. मुलाला न्यायला आलेल्या आईचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो : ‘‘ताई, लिहायला कधी शिकवणार?’’

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर केवळ त्या खोलीत मिळणारे नाही. मणी, दाणे आणि कपटे त्या सतरंजीवर कसे आले, याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि सोलापुरात त्या इतिहासाला गिरणी, माग आणि विडी यांनी स्वतःचे वळण दिले आहे.

पूर्वी आपल्याकडे लहान मुलाचे शिक्षण म्हणजे पंतोजींची शाळा. मुहूर्त पाहून ओनामा होई, धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवले जाई आणि मग परवचा, पाढे, पावकी, निमकी, दिडकी हे सारे घोकून घेतले जाई. या पद्धतीतील छडी आणि घोकंपट्टी यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु धूळपाटीचा विचार येथे आवर्जून करावासा वाटतो, कारण अक्षर आधी बोटाच्या टोकाला कळावे आणि लेखणी नंतर हाती यावी, ही समज तिच्यात होती. पुढे मराठी शाळांत पहिलीच्या आधी ‘बिगरी’ आली, तीही वस्तुतः अक्षर-अंकांची पूर्वतयारीच होती. तीन ते सहा या वयाला स्वतःचे असे काही शिक्षण असते, ही कल्पना या दोन्हींत नव्हती.

ती कल्पना फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने मांडली. त्याने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, नळकांडे, घन आणि त्या घनाचे पाडलेले लहान तुकडे अशी साधने त्याने ठरावीक क्रमाने योजली होती. गाणी, बागकाम, विणकाम, कागदाच्या घड्या ही त्यांची जोड. खेळ हेच या वयातील मुलाचे गंभीर काम आहे, हा त्याचा आग्रह होता. प्रशियाच्या सरकारला मात्र त्यात नास्तिकतेचा वास आला आणि १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घालण्यात आली. फ्रोबेल पुढच्याच वर्षी वारला. बंदी उठली १८६० मध्ये. तोवर त्याच्या शिष्या ही पद्धत घेऊन इंग्लंड-अमेरिकेकडे गेल्या होत्या.

सोलापूरकरांना कदाचित ठाऊक नसेल, पण ‘किंडरगार्टन’ हा शब्द आपल्या शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुळला, आणि तो आला अमेरिकेमार्गे. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे काम येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालू होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने या कोरडवाहू मुलखात अनेक मुलांना पोरके केले आणि मिशनने अशा मुलांना आश्रय दिला. या मिशनच्या मेरी हार्डिंग यांचे नाव येथील किंडरगार्टन शाळेला मिळाले. शिक्षणाच्या एका नव्या विचाराने या शहरात पाऊल ठेवले, त्या काळी शहरापुढे मुलांना जगवण्याचाच प्रश्न होता, ही बाब मला महत्त्वाची वाटते. कारण पुढेही येथे बालवर्गाची गरज आधी सांभाळण्यातून निर्माण झाली आणि शिकवणे तिच्या मागून आले.

ते सांभाळणे का लागले, हे गिरण्यांकडे पाहिल्यावर कळते. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी गिरणी, १८७७ मध्ये सुरू झाली. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर बसली. सूत गुंडाळणे आणि कांड्या भरणे या कामांत बाया मोठ्या संख्येने होत्या, आणि कामावर जाणाऱ्या बाईचे तान्हे मूल कुठे राहणार, याला कोणाजवळ उत्तर नव्हते. मुंबईच्या गिरणगावात बाळांना गुंगीत ठेवण्यासाठी अफूची ‘बाळगोळी’ देत असत, अशी नोंद त्या काळच्या अहवालांत आहे. पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असले पाहिजे, असे कारखाना कायद्याने १९४८ मध्ये सांगितले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली.

कायदा झाला, तरी सोलापुरातील हजारो स्त्रिया त्याच्या बाहेर राहिल्या, कारण त्यांचे काम कारखान्याच्या भिंतीआड चालतच नव्हते. विडी कामगार बाई तेंदूपत्ता आणि तंबाखू कारखान्यातून मोजून घरी आणते, पाने भिजवून कापते, सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आणि तयार माल परत नेऊन देते. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यातही पाळणाघराची तरतूद होती, परंतु ती कामाच्या जागेपुरती होती. ज्या खोलीत स्वयंपाक, झोप आणि विडी हे तिन्ही चालते, त्या खोलीत पाळणाघर कोण काढणार? तेथे मूल आईच्या शेजारीच, तंबाखूच्या भुकटीत वाढत राहिले, आणि थोडे मोठे झाले की धाकट्याला सांभाळू लागले.

या ठिकाणी रोमचे उदाहरण देणे योग्य ठरेल. मारिया माँटेसरी यांचे पहिले ‘बालगृह’ ६ जानेवारी १९०७ रोजी सॅन लोरेन्झो या कामगार वस्तीत उघडले, आणि त्यामागचे कारण तात्त्विक नव्हते. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले नव्या इमारतींच्या भिंती आणि जिने खराब करत, म्हणून त्यांना एका खोलीत सांभाळण्याची व्यवस्था हवी होती. डॉक्टर असलेल्या माँटेसरी यांनी त्या खोलीत मुले काय करतात हे बारकाईने पाहिले आणि तेथूनच आपली पद्धत घडवली : बटणे लावणे, पाणी ओतणे, दट्टे खाचांत बसवणे, खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवणे. हे शेवटचे साधन आणि आपली धूळपाटी यांच्यातील नाते ध्यानात यावे. पुढे १९३९ मध्ये माँटेसरी मद्रासजवळील अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे भारतातच राहिल्या. मूल ‘माँटेसरीत जाते’ असे जुनी माणसे म्हणत, ते या प्रभावामुळे.

मराठी मुलखात ही पद्धत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. मध्यमवर्गीय मुलांची शाळा चांगली चालली, तरी ताराबाईंना तेवढ्याने समाधान नव्हते. १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीला गेल्या आणि अनुताई तेथे त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी बनावटीची महागडी साधने गावात मिळणार नव्हती, म्हणून त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने, काड्या यांचीच साधने केली. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकांनीच त्यांच्या अंगणात जाऊन वर्ग भरवला आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात असलेली विकासवाडी उभी राहिली. धाकट्या भावंडाची सोय झाल्याखेरीज थोरली बहीण शाळेत येणार नाही, हे या दोघींनी ओळखले होते.

ज्या १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, त्याच वर्षी त्याच परिसरात किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यात उतरल्या होत्या. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेल्या आणि २००६ मध्ये हस्तांतरित झालेल्या दहा हजार घरांच्या वसाहतीला त्याच गोदूताईंचे नाव आहे. डहाणूच्या अंगणात सुरू झालेली बालवाडी आणि कुंभारीच्या घरांतील मुले यांना जोडणारा हा धागा मला फार मोलाचा वाटतो.

अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले ते २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांचे आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेवर आणि एका मदतनिसावर सोपवल्या गेल्या. वजन-उंचीच्या नोंदी, आहाराचे वाटप, गृहभेटी आणि हल्ली मोबाइलवर भरायची माहिती यांतून उरलेल्या वेळात गाणी, गोष्टी आणि मणी बसवावे लागतात. ज्या केंद्रात हे सर्व होऊनही मुले रोज गोष्ट ऐकतात, त्या केंद्रातील ताईचे काम कोणत्याही शिक्षकाच्या कामापेक्षा कमी लेखता येणार नाही.

दरम्यान शहराच्या दुसऱ्या बाजूला ज्युनिअर केजी आणि सिनिअर केजीचे वर्ग वाढत गेले. प्रवेशासाठी तीन वर्षांच्या मुलाची आणि त्याच्या पालकांची मुलाखत घेण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा महाराष्ट्राने १९९६ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. त्याच्या तीन वर्षे आधी केंद्र सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने दप्तराचे ओझे आणि न समजता शिकण्याचे ओझे या दोहोंकडे लक्ष वेधले होते. तरीही चारेघी वहीत पाने भरून घेणे थांबले नाही. भरलेले पान पालकांना दाखवता येते, वाढलेली समज दाखवता येत नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर येथे द्यायला हवे. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडे पूर्ण तयार झालेली नसतात आणि बोटांची पकड पक्की झालेली नसते. मणी ओवणे, माती मळणे, कागद फाडणे यांनी तीच पकड घडते. एक लाल, दोन पिवळे हा क्रम पुढे कसा जाईल हे ओळखणे म्हणजे गणिताची सुरुवात आहे. हरभरा आणि शेंगदाणा वेगळा करताना मूल वर्गीकरण करते आणि दोन वाट्यांतले जास्त कोणते हे सांगताना तुलना करते. बडबडगीतात यमक जुळते तेव्हा शब्दांतील आवाज कानाला सुटे सुटे कळू लागतात, आणि अक्षराशी जोडायचे असतात ते हेच आवाज. काठीचा नंदीध्वज करणारे मूल एका वस्तूला दुसरीच्या जागी मानते. ‘क’ ही आकृती एका ध्वनीच्या जागी मानायची, हे त्याच क्षमतेचे पुढचे रूप आहे. म्हणजे लिहिणे शिकवणे चालूच असते, फक्त पेन्सिल अजून हाती आलेली नसते.

सोलापुरात याला भाषेचा एक वेगळा पदर आहे. पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्या कुटुंबांत कन्नड, कुठे दखनी वळणाची उर्दू, आणि वर्गात मराठी. मुलाला घरी ‘नीळ्ळु’ किंवा ‘नीरु’ माहीत असते आणि वर्गात ‘पाणी’ म्हणावे लागते. हे मूल गप्प बसले, तर त्याला येत नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. त्याला येते, पण दुसऱ्या भाषेत येते. राज्यघटनेच्या ८६व्या दुरुस्तीने २००२ मध्ये सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन आणि शिक्षण राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणले, मूलभूत हक्क मात्र सहा ते चौदा या वयापुरता राहिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही पूर्वशालेय शिक्षणाची सोय शासनाने ‘करावी’ असे बंधन घातले नाही, करता येईल एवढेच म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे एक सलग पायाभूत टप्पा मानली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ आणि मुलाची घरची भाषा यांना मध्यवर्ती स्थान दिले.

पूर्व भागातील अनुभवी ताई हे आराखड्याआधीपासून करत आल्या आहेत. त्या गोष्ट मराठीत सांगतात, मध्येच एखादा शब्द तेलुगूत म्हणतात, मुलाचे डोळे चमकले की तोच शब्द पुन्हा मराठीत म्हणतात आणि त्याच्या हातात पुढचा मणी देतात.