अक्षर केवढं, हे कोण ठरवणार?

दिवाळीत दादरच्या घरी आईच्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार ‘मध्यम’वरून ‘खूप मोठा’ केला. १६ पिक्सेलचे २४ झाले. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, आई तर सत्तरीला आलेली. वर्तमानपत्राचं पान लगेच ठसठशीत दिसायला लागलं. वीजबिलाचं पान मात्र जसंच्या तसं. “माझंच काहीतरी चुकलं असेल,” आई म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

वेबपानाचं रूप सीएसएस या भाषेत लिहितात. १९९४ साली हाकोन विउम ली यांनी तिचा प्रस्ताव मांडला, तेव्हापासूनच पानाच्या रूपात वाचकाचंही म्हणणं धरलेलं आहे. नियम थरांनी येतात: तळाशी ब्राउझरचे, त्यावर वाचकाचे, त्यावर डिझायनरचे. एरवी डिझायनरचंच चालतं आणि ते रास्तही आहे. रंग, मोकळी जागा, मथळ्याचा तोल यांत त्याची मेहनत असते. पण नियमावर ‘महत्त्वाचा’ असा शेरा मारता येतो. दोघांनीही तो मारला तर? १९९६च्या पहिल्या आवृत्तीत डिझायनर जिंकायचा. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटा करून वाचकाला वर ठेवलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण डोळे वाचकाचे असतात.

मग आईचं पान का हललं नाही? तिथे अक्षराला १४ पिक्सेल असं पक्कं माप दिलेलं होतं. सेटिंगमधला आकार हा फक्त पाया असतो आणि पक्कं माप त्या पायाकडे बघतच नाही. तेच माप ०.८७५ रेम, म्हणजे पायाच्या ०.८७५ पट, असं लिहिलं असतं, तर पाया १६ असताना १४ आणि २४ झाल्यावर २१ पिक्सेलचं अक्षर मिळालं असतं. डिझायनरचं प्रमाण राहिलं असतं, आईची गरजही भागली असती.

देवनागरीत आणखी एक अडचण येते. अक्षर वाढलं आणि ओळीची उंची पिक्सेलमध्येच अडकली, की वरच्या ओळीतल्या ‘मूळ’चा ऊकार खालच्या ‘विद्यार्थी’च्या वेलांटीत आणि रफारात घुसतो. केवळ इंग्रजी मजकुरावर पान तपासणाऱ्याला हे चटकन दिसत नाही. ओळीची उंची अक्षराच्या पटीत, समजा १.६ पट ठेवली, तर दोन्ही सोबत वाढतात.

मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा केला तरी पान वापरता आलं पाहिजे, अशी अट वेबच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००८पासून आहे.

वीजबिलाच्या पानापुरतं मी झूम १५० टक्के करून ठेवलं आहे. झूममध्ये पक्की मापंही वाढतात, त्यामुळे अक्षर दिसतं. पण पानाची रुंदीही पक्कीच असल्यानं ‘बिल भरा’चं बटण उजवीकडे पडद्याबाहेर जातं. दर महिन्याला आई पान बाजूला सरकवून ते शोधते.