बोट लागते म्हणून नेव्हीत जाऊ नये?

‘ज्याला बोट लागते, त्याने नौदलाचा नाद सोडावा, खरा खलाशी कधी ओकत नाही,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा नाही.

बोट लागणं हा भित्रेपणा नाही की अशक्तपणाही नाही. कानाच्या आतल्या भागाला डोलणं जाणवतं, पण बंद खोलीतल्या डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात. या विसंगतीने मळमळतं. खवळलेल्या समुद्रात पहिल्याच सफरीवरचा पोरगा ओकला, तर त्यात काहीच वावगं नाही. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. जहाज बरेच दिवस बंदरात राहिलं की मुरलेल्यांनाही पुन्हा त्रास होऊ शकतो. मोजक्यांचा त्रास मात्र टिकतो, त्यांनी डॉक्टरांना गाठावं.

पडताळायचंय? भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जाताना थोडा वेळ आत मोबाइल वाचा, मग मधोमध उभं राहून क्षितिजाकडे बघा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला हेलकावे जास्त, मध्यभागी कमी.

उपाशी राहण्याचा सल्लाही चुकीचाच. कोरडी बिस्किटं खावीत, घोट घोट पाणी प्यावं, तेलकट टाळावं. गोळी निघण्याआधी तास-दोन तास, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण काही गोळ्यांनी झोप येते आणि पहाऱ्यावर ते चालत नाही. ओकाऱ्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही.