दाभोळची मशीद आणि अडलेली हजयात्रा

दाभोळ म्हटलं की बाहेरच्यांना अजून एन्रॉनचा वीजप्रकल्प आठवतो. तो प्रकल्प खरं तर खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलजवळ. नाव तेवढं दाभोळचं नेलं. गावाची जुनी ओळख वाशिष्ठीच्या अलीकडच्या काठावर, माडांच्या गर्दीत उभी आहे: दगडी शाही मशीद. कुणी तिला अंडा मशीद म्हणतं, कुणी माँसाहेबांची मशीद.

गोष्ट अशी सांगतात. १६५९ साली विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला निघाली आणि दाभोळात अडकली, कारण समुद्र धोक्याचा होता. बरोबर २० हजार घोडेस्वार आणि १५ लाख रुपये. काझी-मौलवींनी सल्ला दिला की हा पैसा धर्मकार्याला लावावा. मग कामिलखानाने चार वर्षांत मशीद पुरी केली.

२० हजार स्वार डोंगर आणि खाडीमधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत मावले कुठे, हे मला काही उमगत नाही. आकडा सांगणाऱ्यांच्या तोंडी फुगला असावा. पण हजला जायचं तर दाभोळलाच यायचं, हा भाग मात्र पटण्यासारखा आहे. बहमनी काळापासून हे दख्खनचं अरबस्तानाकडचं दार. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफानासी निकितिन इथूनच इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदराकडे जाणाऱ्या जहाजात चढला. इथे उतरणाऱ्या घोड्यांचा उल्लेखही त्याने केला आहे. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने बंदर जाळलं. चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता, त्याचा राग निघाला दाभोळवर. पुढे या समुद्रात पोर्तुगीजांच्या परवान्याशिवाय जहाज हाकारणं म्हणजे ते जप्त होण्याची तयारी ठेवणं.

आणि १६५९ साल तर जमिनीवरही धामधुमीचं. नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफजलखान पडला. त्याची गलबतं दाभोळात होती. मराठे येताहेत हे कळताच ती राजापूरकडे निसटली. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाला अडवून शिवाजी महाराज दक्षिण कोकणात उतरले आणि दाभोळ ताब्यात घेतलं. म्हणजे चार वर्षांचा हिशेब खरा धरला, तर काम सुरू झालं तेव्हा गाव आदिलशाहीत आणि संपलं तेव्हा स्वराज्यात. दंतकथेवर एवढं गणित मांडू नये म्हणा, पण मोह आवरत नाही.

इमारत मात्र अस्सल विजापुरी. उंच जोतं, रुंद पायऱ्या, दर्शनी तीन कमानी, कोपऱ्यांवर मिनार, मधोमध घुमट. जुन्या गॅझेटियरमध्ये आतलं माप ६३ फूट बाय ५४ फूट आणि उंची सुमारे ७५ फूट दिली आहे. फरसबंद अंगण, विहीर आणि कारंजंही नोंदलं आहे. विजापूरच्या मोठ्या मशिदींपुढे ती लहानच. पण विजापूरचा पाऊस कोरडवाहू मुलखाचा, तिथे घुमट चालतो. कोकणात पावसापुढे सगळ्यांनी उतरतं कौलारू छप्पर पत्करलं. देवळांनी, घरांनी आणि गावोगावच्या जुन्या मशिदींनीही. ही एक तेवढी घाटावरचा घुमट डोक्यावर घेऊन साडेतीनशे पावसाळे भिजत उभी आहे.