१९६२: पहिली गोळी सुटण्याआधीची पार्श्वभूमी

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे भारत-चीन युद्ध पेटलं ते सगळ्यांना माहितीये, नामका चू, रेझांग ला, से ला इथल्या लढायांवर भरपूर लिहून झालंय, त्यामुळे लढाईत शिरत नाही. प्रश्न एवढाच की १९५४ मध्ये गळ्यात गळे घालून फिरणारी दोन सरकारं आठ वर्षांत एकमेकांवर तोफा डागण्यापर्यंत कशी आली.

इंग्रजांचा काळ पटकन उरकतो. लडाखकडे त्यांनी एक सोडून दोन रेषा चालवल्या. १८६५ च्या सर्व्हेची रेषा अक्साई चीन (लडाखच्या पूर्वेचं ओसाड पठार) काश्मीरमध्ये धरते. १८९९ ची रेषा त्यातला बराच भाग पलीकडे सोडते, ती चीनला लेखी कळवली होती पण उत्तर आलंच नाही. पूर्वेला १९१४ ची मॅकमहोन रेषा, तिबेटशी ठरलेली. सिमला परिषदेतल्या त्या कराराच्या मसुद्यावर चिनी प्रतिनिधीने आद्याक्षरं केली पण त्याच्या सरकारने लगेच हात वर केले. ही रेषा एक इंचाला आठ मैल अशा नकाशावर जाड लाल रंगात काढलेली, अख्खी टेकडी रेघेखाली गडप व्हावी अशी. पुढे या पूर्व सीमेवरच्या थागलाच्या डोंगरावरून जे रामायण झालं त्याचं मूळ इथे आहे, कारण डोंगराचा माथा एकीकडे आणि नकाशावरची रेघ त्याच्या खाली दक्षिणेला.

खरी गुंतागुंत १९५४ पासून. त्या वर्षीच्या तिबेट कराराने भारताने तिबेटमधल्या यातुंग आणि ग्यान्त्से इथल्या लष्करी तुकड्या, पोस्ट-तार ऑफिसं सगळं सोडलं, आणि बदल्यात सीमेबद्दल एक ओळ लिहून घेतली नाही. करारात सहा खिंडींची नावं आहेत, त्यावरून सीमा मान्यच आहे असं दिल्लीने धरून चाललं. मग जुलैमध्ये पंतप्रधानांचा आदेश निघाला की नकाशांवरची 'सीमा अनिश्चित' ही नोंद काढा, पक्की रेषा दाखवा, आणि हा विषय चर्चेसाठी खुला नाही. तोपर्यंत सरकारी नकाशावर लडाखचा तो भाग नुसता फिका रंग फासून सोडलेला असायचा. बरोबर की चूक ते बाजूला ठेवा, पण समोरच्याला न विचारता रेषा पक्की केली आणि तिथे जाऊन बसायला माणूस मात्र पाठवला नाही. तिकडे चीनने शिनजियांग ते तिबेट रस्ता अक्साई चीनमधून काढला, १९५७ मध्ये तो पूर्ण झाल्याचं जाहीरही केलं, आणि आपला अधिकृत निषेध गेला ऑक्टोबर १९५८ मध्ये.

१९५९ ने सगळंच बिघडवलं. मार्चमध्ये ल्हासात उठाव, दलाई लामा भारतात, ऑगस्टमध्ये पूर्व सीमेवर लाँगजूला गोळीबार, आणि २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये कोंगका ला इथे आपले पोलीस मारले गेले (दरवर्षी पोलीस स्मृतिदिन असतो तो यामुळेच). तोवर सरकारने सीमेचं प्रकरण संसदेपासून झाकून ठेवलेलं, ते एकदम बाहेर आलं, आणि विरोधक भडकले म्हणून सप्टेंबरपासून दोन्ही देशांची पत्रं श्वेतपत्रिकेत छापायला सुरुवात झाली. लोकशाहीत हे योग्यच, पण मग प्रत्येक पत्र बीजिंगपेक्षा संसदेसाठीच लिहिलं जायला लागलं आणि मागे सरकायची जागाच संपली. त्यात मार्च १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने बेरुबारी प्रकरणात (बंगालमधला एक भाग पाकिस्तानला द्यायचा होता) मत दिलं की भूभाग द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती लागेल.

एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान दिल्लीला आले तेव्हा वातावरण हे होतं. पूर्वेला आम्ही तुमचं धरतो, पश्चिमेला तुम्ही आमचं धरा, असा त्यांचा एकूण रोख होता, स्पष्ट लेखी ऑफर नव्हे. दिल्लीने नाही म्हटलं. त्याच वर्षी ब्रह्मदेशाशी करार करताना चीनने मॅकमहोन रेषेचा तिकडचा तुकडा थोड्याफार फरकाने मान्य केला होता (नाव न घेता), म्हणून मला तरी वाटतं की ही संधी जेवढी पोकळ सांगतात तेवढी नव्हती. अर्थात, आधी रस्ता बांधायचा आणि मग अदलाबदल सुचवायची याला बरेच जण दरोडा म्हणतात, तेही अगदीच चूक नाही.

बोलणी खुंटली, सैन्य तयार नाही, आणि संसदेला तर काहीतरी करून दाखवायचंय, यातून २ नोव्हेंबर १९६१ ची बैठक झाली. फॉरवर्ड पॉलिसी म्हणतात ती हीच. त्याआधी गुप्तचर खात्याचं म्हणणं आलं होतं की जिथे आपली डझनभर माणसं बसलीयत तिथे चिनी आले नाहीत. म्हणजे चौक्या टाका, ते गोळी झाडणार नाहीत. बैठकीतल्या निर्णयाचे तीन भाग होते. लडाखमध्ये जमेल तितकं पुढे जाऊन चौक्या टाका, बाकी उत्तर सीमेवरही पुढे जाऊन सगळी सीमा ताब्यात घ्या, आणि तिसरं म्हणजे या चौक्यांच्या मागे, रसद पोचेल अशा जागी मोठं सैन्य ठेवा, म्हणजे काही झालंच तर लगेच धावून जाता येईल. डिसेंबरमध्ये लष्कराच्या मुख्यालयातून खाली जो आदेश गेला त्यात हा तिसरा भाग गायब. कुणी गाळला, मुद्दाम की निष्काळजीपणे, यावर आजही वाद चालतो. कुणी म्हणतं सैन्यच नव्हतं तर लिहून काय उपयोग होता, कुणी म्हणतं अधिकाऱ्यांनी राजकीय नेत्यांची मर्जी राखली. काही का असेना, पुढे चौक्या आणि मागे काहीच नाही अशी स्थिती झाली. कित्येक चौक्यांना विमानातून पडेल तेवढंच रेशन, आणि त्यातलंही बरंच दरीत जायचं.

फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून खुद्द संरक्षणमंत्री उभे होते, विरोधकांचा एकच बडा उमेदवार समोर, प्रचारात चीनच चीन, आणि मंत्री लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. टीकेला उत्तर मिळालं असं सरकारला वाटलं असणार. मग जुलैमध्ये लडाखमधल्या गलवानच्या चौकीला चिन्यांनी वेढा घातला पण गोळी झाडली नाही, तेव्हा तर पॉलिसी बरोबरच आहे अशी खात्री पटली. जूनमध्ये थागलाच्या पायथ्याशी धोलाची चौकी टाकलेलीच होती, ८ सप्टेंबरला चिनी सैनिक वरून उतरले, आणि १२ ऑक्टोबरला पंतप्रधान कोलंबोला जाता जाता पत्रकारांना सांगून गेले की आपला भाग मोकळा करायला सैन्याला सांगितलंय.

चीनची बाजू इथे कमी आली, पण ते काही साधू नव्हते. दुष्काळात होरपळलेला देश, रशियाशी फाटलेलं, तिबेट धुमसतंय आणि भारत त्यात हात घालतोय असा पक्का संशय. जूनमध्ये वॉर्सात अमेरिकेने चीनला कळवलं की तैवानच्या हल्ल्याला आमचा पाठिंबा नाही, त्यामुळे तिकडची काळजी मिटली. हल्ल्याला आठवडा पण असा मिळाला की जगाचं लक्ष क्युबातल्या क्षेपणास्त्रांकडे.

युद्ध चालू असतानाच संरक्षणमंत्री गेले आणि त्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री दिल्लीला गेले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' हे आपल्याकडे अजून म्हटलं जातं. पराभवाची लष्करी चौकशी झाली, तिचा अहवाल अजूनही सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही, २०१४ मध्ये काही भाग बाहेर फुटला त्यातूनच त्या आदेशातून गाळलेल्या तिसऱ्या भागाचा वाद परत पेटला. आणि प्रत्यक्ष ताबारेषेचं (LAC) भांडणही तेव्हाचंच. ७ नोव्हेंबर १९५९ च्या पत्रात चीनने त्या रेषेपासून दोघांनी २० किलोमीटर मागे जायचं सुचवलं होतं, दिल्लीने ते धुडकावलं, १९९३ मध्ये हाच शब्द करारात घेतला पण रेषा नेमकी कुठली ते लिहिलं नाही, आणि २०२० मध्ये गलवाननंतर चीनने परत १९५९ चीच रेषा पुढे केली, आपण ती कधीच मानली नाही असं सरकारने त्याच सप्टेंबरात सांगितलं.