सी-जीवनसत्त्वाचं सीरम: करायला सोपं, टिकवायला अवघड

तीन ग्रॅम पावडर, थोडं पाणी, थोडं ग्लायकॉल आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. चेहऱ्याला लावायच्या सी-जीवनसत्त्वाच्या साध्या सीरममध्ये याहून फारसं काही नसतं. अडचण करण्यात नाही, टिकवण्यात आहे. पाण्यात विरघळल्या क्षणापासून या जीवनसत्त्वाची हवेतल्या प्राणवायूशी गाठ पडते. इंदूरला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा न्हाणीघरातल्या फळीवर ठेवलेली बाटली बघता बघता पिवळी पडते. म्हणून इथली कृती लहान मापाची आहे: तीस ग्रॅम, तेही जास्तीत जास्त दोन आठवडे वापरायचं. एका चेहऱ्याला दोन आठवड्यांत तीस ग्रॅम लागत नाही हे खरं, पण त्याहून कमी केलं तर घरगुती काट्यावर वजनं नीट जमत नाहीत. उरलेलं घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं, नाहीतर सरळ ओतून टाकावं. पावडर स्वस्त असते.

हे जीवनसत्त्व म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक आम्ल. बकरी, कुत्रा, उंदीर ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारं शेवटचं विकर (एन्झाइम) आपल्यात बंद पडलेलं आहे. त्वचेत त्याची तीन कामं. त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलाजेन या प्रथिनाचे धागे पक्के करणाऱ्या विकरांमधलं लोह ते कामाच्या अवस्थेत ठेवतं. त्वचेला काळसर रंग देणारं मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या कामात ते अडथळा आणतं, त्यामुळे डाग हळूहळू फिके होतात. आणि अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होणारे फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, ते स्वतः झेलतं. आवळा-पेरू खाल्ल्यानं रक्तावाटे त्वचेला याचा वाटा मिळतोच, पण आतडं एका मर्यादेपलीकडे शोषून घेत नाही. बाहेरून लावण्याचं कारण तेवढंच.

मात्र बाहेरून आत जाणं सोपं नाही. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर तेलकट असतो आणि विद्युतभार असलेल्या रेणूला तो आत सोडत नाही. ॲस्कॉर्बिक आम्लाचा एक हायड्रोजन सुटला की उरलेल्या रेणूवर ऋण भार येतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं द्रावण आंबट. पीएच ४.२ च्या आसपास निम्मे रेणू भारित असतात आणि निम्मे नसतात, पीएच ३.२ वर दहातला जेमतेम एक भारित उरतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली डुकरांच्या त्वचेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पीएच ३.५ च्या खाली असेल तरच आम्ल नीट आत जातं, प्रमाण वाढवत नेलं तर २० टक्क्यांपर्यंत फायदा वाढतो आणि पुढे उलट घटतो, आणि त्वचेत एकदा साठलेलं जीवनसत्त्व निम्मं व्हायला सुमारे चार दिवस लागतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे एखादी सकाळ चुकली तर काही बिघडत नाही, आणि '३० टक्के' लिहिलेल्या बाटलीला भुलण्याचंही कारण नाही.

आता घरोघरी चालणारे पर्याय. लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. १०० ग्रॅम रसात सी-जीवनसत्त्व जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे १० टक्के सीरमच्या दोनशेव्या भागाइतकं किंवा त्याहूनही कमी. बाकी आंबटपणा सगळा सायट्रिक आम्लाचा. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात, कधी कधी महिनोन् महिने. डाग घालवायला निघालेल्यांच्या नशिबी नवे डाग. चघळायच्या गोळ्या कुटून घालणंही तितकंच फसवं: त्यांत साखर, रंग, स्वाद असतो आणि जीवनसत्त्वाचा मोठा भाग सोडियम ॲस्कॉर्बेटच्या रूपात, म्हणजे आधीच भारित. तो त्वचेच्या दारातच अडतो. किराणा दुकानातली टाटरी, म्हणजे पदार्थ आंबट करायला वापरतात ती पूड, तर वेगळीच वस्तू.

लागणारं सामान असं. ॲस्कॉर्बिक आम्लाची पावडर, 'आयपी' म्हणजे भारतीय औषधकोशाच्या दर्जाची, पांढरीशुभ्र. पिवळट झाक असेल तर परत करा. प्रॉपिलीन ग्लायकॉल, तेही औषधी दर्जाचं, गाडीच्या कूलंटचं नव्हे. डायसोडियम ईडीटीए, म्हणजे पाण्यातले धातूचे कण अडकवून ठेवणारी पावडर. खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर चालणार नाही. २.५ ते ४.५ दरम्यानचे बारीक फरक दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या, कारण १ ते १४ वाली साधी पट्टी इथे कुचकामाची. सराफ वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा. पंधरा-पंधरा मिलिलिटरच्या दोन गडद तपकिरी काचेच्या ड्रॉपरवाल्या बाटल्या. आणि पाणी.

पाण्यावर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक सीरम पाण्यामुळेच नासतात. ॲस्कॉर्बिक आम्ल आणि प्राणवायू यांची गाठ घालून देणारे खरे मध्यस्थ म्हणजे तांबं आणि लोह. दशलक्षात एखाद्या भागाइतकं तांबं असलं तरी ही क्रिया कितीतरी पटींनी वेगात होते. तेव्हा रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी प्यायला कितीही चांगलं मानलं जात असलं तरी सीरमसाठी त्याच्याइतकं वाईट पाणी नाही. नळाला येणारं नर्मदेचं पाणी लोखंडी नळांतून, टाक्यांतून फिरलेलं असतं. बोरिंगच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात आणि ते पीएच वर ढकलतात. आरओनं क्षार कमी होतात, पण पाणी निर्जंतुक राहीलच असं नाही. बॅटरीचं पाणी त्वचेसाठी बनवलेलंच नसतं. सगळ्यांत निर्धोक म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी, १० मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधलं. सहा ॲम्प्यूल पुरतात. इंदूरच्या दवा बाजारात ती सहज मिळतील.

आधी दोन द्रावणं करून ठेवायची, कारण ०.०३ ग्रॅम कुठल्याच घरगुती काट्यावर नीट मोजता येत नाही. पहिलं: ०.२ ग्रॅम ईडीटीए १९.८ ग्रॅम पाण्यात. दुसरं: १ ग्रॅम खाण्याचा सोडा १९ ग्रॅम पाण्यात. काचेचं भांडं साबणानं धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, पूर्ण कोरडं केलेलं असावं. पितळी, तांब्याचं किंवा लोखंडी काही जवळ नको. स्टीलचा चमचा ढवळण्यापुरता चालतो.

भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. त्यात १५ ग्रॅम पाणी, मग ईडीटीएचं द्रावण ३ ग्रॅम. ईडीटीए आधी घालायचं, म्हणजे जे काही धातूचे कण असतील ते पावडर येण्यापूर्वीच अडकून पडतात. आता ॲस्कॉर्बिक आम्ल ३ ग्रॅम. गरम करू नका. पाण्यात ते भरपूर विरघळतं, दोन-तीन मिनिटं सावकाश हलवलं की द्रावण स्वच्छ होतं. रवी फिरवल्यासारखं घुसळलंत तर हवा मिसळेल. मग प्रॉपिलीन ग्लायकॉल ६ ग्रॅम. या टप्प्यावर पीएच सुमारे २.२ असतो, चेहऱ्याला झोंबेल इतका आंबट. आता सोड्याचं द्रावण २ ग्रॅम घाला, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहा आणि पट्टी बुडवा: ३ च्या आसपास येईल. आणखी १ ग्रॅम थेंबाथेंबानं घातलं की ३.२ च्या जवळ. तिथेच थांबा. ३.५ ओलांडलंत तर आत जाणारं आम्ल कमी होतं आणि वर सीरम टिकतंही कमी. सगळं मिळून ३० ग्रॅम, त्यात १० टक्के जीवनसत्त्व. कार्बन डायऑक्साइड पूर्ण निघून गेल्याशिवाय झाकण लावू नका, नाहीतर ड्रॉपर उडेल.

ग्लायकॉल त्वचेला सोसत नसेल तर त्याऐवजी ३ ग्रॅम ग्लिसरीन आणि पाणी १८ ग्रॅम. पावसाळ्यात हे चिकट वाटतं, एवढाच दोष. आम्ही १० टक्क्यांवरच थांबलो आहोत ते मुद्दाम. १५ किंवा २० टक्के करता येतं, पण सोड्याचं मापही त्याच प्रमाणात वाढवावं लागतं आणि चुरचुरही वाढते. आधी महिनाभर १० टक्के सोसतं का ते पाहावं.

फेरुलिक आम्लाबद्दल हमखास विचारलं जातं. पिनेल यांच्या गटानं २००५ मध्ये १५ टक्के सी, १ टक्का ई आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल एकत्र केलं तेव्हा उन्हापासूनचं संरक्षण फक्त सी आणि ई यांच्या जोडीच्या दुप्पट झालं. शास्त्र पक्कं आहे, पण ते घरी करण्याच्या फंदात पडू नये असं आमचं मत. फेरुलिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळवून घातलं तरी फ्रिजमध्ये ठेवल्यावर त्याचे स्फटिक तळाशी बसतात. आणि हिरव्या कॅप्सूलमधलं ई-जीवनसत्त्व फोडून घालायचं म्हणाल तर ते बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असतं. ॲसिटेट जोडलेलं असेपर्यंत ते बाटलीत प्राणवायूशी लढत नाही, नुसतं तेलासारखं वर तरंगतं.

साठवण. दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरा. एक वापरायला, दुसरी बंद. दोन्ही फ्रिजमध्ये, पण दारात नको, तिथे गारवा सारखा वरखाली होतो. अर्ध्या रिकाम्या बाटलीत जेवढी हवा मावते तिच्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडला तरी जीवनसत्त्वाचा दीड ते तीन टक्केच भाग नासतो. नुकसान खरं होतं ते रोज झाकण उघडण्यानं, कारण दर वेळी ताजी हवा आत जाते. ड्रॉपर हवेत धरून गप्पा मारू नयेत, त्याचं टोक त्वचेला लावू नये. यात संरक्षक द्रव्य नाही; कमी पीएच आणि ग्लायकॉल यांमुळे बरेचसे जिवाणू वाढत नाहीत, पण बुरशीला आंबटाचं वावडं नसतं. दोन आठवड्यांची मर्यादा त्यासाठीही आहे.

लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला सलग तीन दिवस एक-एक थेंब लावून पाहा. मग सकाळी धुतलेल्या, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर चार-पाच थेंब, पापण्या आणि ओठ सोडून. दहा मिनिटांनी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सीरम सनस्क्रीनची जागा घेत नाही. मिनिटभर चुरचुरणं ठीक. पाच मिनिटांनंतरही आग होत असेल तर साध्या पाण्यानं धुवा. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा दाढी झाल्यावर त्या दिवशी नको. रंगपंचमीच्या गेरेनंतर, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर, रंग घासघासून काढलेल्या चेहऱ्याला तर चार-पाच दिवस विश्रांतीच द्या. मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइड याच वेळी लावलंत तर ते सी-जीवनसत्त्वाला तिथेच नासवतं. ते रात्री लावा. इसब असेल किंवा गालांवर वांग असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ, मग सीरम.

सीरम नासलं हे कसं ओळखायचं? रंग हा एक संकेत आहे. ताजं द्रावण पाण्यासारखं, मग फिकट गवती, मग पिवळं, मग नारिंगी. पिवळं झालं की टाकून द्या. तुटलेल्या द्रव्यांत एरिथ्रुलोज असतं, ज्याचा रंग त्वचेवर तपकिरी बसतो, नकली टॅनच्या क्रीममध्येही तेच वापरतात. पण रंगावर विसंबू नये, कारण ऱ्हासाची पहिली पायरी असलेलं डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल बिनरंगाचं असतं. त्यापेक्षा आयोडीनची चाचणी बरी. जखमेवर लावायचं ५ टक्क्यांचं पोव्हिडोन-आयोडीन द्रावण आणि सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या. अर्धा कप पाण्यात चमचाभर पातळ भाताची पेज घाला आणि १ मिलिलिटरच्या सिरिंजनं त्यात ०.१ मिलिलिटर सीरम सोडा. आता दुसऱ्या, ५ मिलिलिटरच्या सिरिंजनं आयोडीन थोडं थोडं घालत हलवत राहा. सी-जीवनसत्त्व असेपर्यंत रंग नाहीसा होत राहतो. संपलं की पाणी निळंजांभळं होतं आणि तसंच राहतं. ताज्या १० टक्के सीरमला ३ मिलिलिटरच्या आसपास आयोडीन लागतं. विकत आणलेली पावडर खरी आहे का हेही यानंच कळतं, कारण टाटरीच्या पाण्यात आयोडीनचा रंग पहिल्याच थेंबाला टिकतो.

पहिल्या दिवशी आलेला आकडा बाटलीवर लिहून ठेवा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजा. ३ चा सव्वादोन झाला की चौथा हिस्सा गेला. ती बाटली मोरीत ओतून दुसरी उघडा. ती उघडतानाही एकदा मोजा. तिचाही आकडा तितकाच घसरला असेल तर दोष झाकणाचा नाही, पाण्याचा किंवा भांड्याचा आहे, आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करायची.