एका दुखण्याला दोन गोळ्या

कंबर धरली की घरात सापडेल ती गोळी आधी पोटात जाते. तासाभरात उतार पडला नाही, तर मेडिकलमधून दुसरी येते. आयबुप्रोफेनवर डायक्लोफिनॅक. नावं निराळी, पण काम एकच: दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं बनवणारं कॉक्स नावाचं विकर (एन्झाइम) रोखायचं. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी.

पहिल्या गोळीची मात्रा पुरेशी असेल, तर दुसरीला करण्यासारखं फारसं उरत नाही. वाढतो तो उपद्रव. जठराचं अस्तर सांभाळणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारीही प्रोस्टाग्लँडिनच असतात. पोटात रक्तस्राव होतो तो ती कमी पडल्यामुळेच, आणि तोही कधीकधी आधी जराही न दुखता. पॅरासिटामॉल या कुळातलं नाही, म्हणून त्याची आयबुप्रोफेनशी जोडी चालते.

खरी गंमत (रुग्णाच्या दृष्टीने गंमत कसली!) ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनची आहे. हृदयरोग्याला रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देतात, ते रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेट या रक्तकणांमधल्या कॉक्सच्या चिंचोळ्या बोगद्यात शिरून ॲस्पिरिन ते विकर कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवं विकर बनवता येत नाही. आठ-दहा दिवसांचं तिचं आयुष्य तसंच सरतं. आयबुप्रोफेन त्याच बोगद्यात बसतं, पण काही तासांपुरतंच. एसटीत कुणी रुमाल टाकून जागा अडवावी, तसं. आणि ॲस्पिरिनला थांबायला वेळ नसतो: रक्तातलं त्याचं प्रमाण १५-२० मिनिटांत निम्म्यावर येतं. आयबुप्रोफेन उठेपर्यंत ते निघून गेलेलं असतं, प्लेटलेट पुन्हा कामाला लागतात.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आधी आयबुप्रोफेन घेतल्यावर ॲस्पिरिनचा असर अडला. दिवसातून तीनदा आयबुप्रोफेन घेणाऱ्यांत तर आधी ॲस्पिरिन देऊनही तो टिकला नाही. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकने असा अडथळा आणला नाही. अर्थात डायक्लोफिनॅकचा हृदयाला असलेला धोका वेगळाच.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये सांगितलं, की आयबुप्रोफेन ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने घ्यावं, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तासांहून जास्त आधी घ्यावं. हा हिशोब साध्या ॲस्पिरिनचा. आपल्याकडे बहुतेकांना मिळते ती आतड्यात विरघळणारी, आवरण चढवलेली गोळी. तिला तो लागू पडत नाही. म्हणून ॲस्पिरिन चालू असेल, तर ती मनानेच बंद न करता, दुखण्यावर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारावं. आणि कॉम्बिफ्लामच्या पत्त्यामागची बारीक अक्षरं वाचावीत: तापाची म्हणून घेतलेल्या त्या गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं.