एफओबी की सीआयएफ? बाहेर माल पाठवताना भाव सांगायच्या आधी हे बघा

आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याचे राइस मिलवाले, समुद्रपूरकडचे वायगाव हळदीचे गट, शेतकरी कंपन्या, सगळे आता थेट बाहेर माल पाठवायचं बोलतात, चांगलंच आहे. पण खरेदीदाराचा पहिला मेसेज येतो "एफओबी किती, सीआयएफ किती" अन् इथंच घोळ होतो. बऱ्याच जणांना वाटतं सीआयएफचा आकडा मोठा म्हणजे त्यात आपल्याले जास्त सुटते. तसं नाही राजेहो.

एफओबी म्हणजे माल बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च तुमचा. मिलपासून नागपूरच्या आयसीडीपर्यंत (म्हणजे बंदरापासून दूरचा कंटेनर डेपो) ट्रक, तिथून रेल्वेने न्हावाशेवा बंदर, सीएचए म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटची फी, टर्मिनलचं हँडलिंग म्हणजे टीएचसी. पुढचं जहाजभाडं खरेदीदाराचं. सीआयएफमध्ये हे सगळं आहेच, वरून त्याच्या बंदरापर्यंतचं भाडं अन् विमा पण तुम्हीच भरायचा. तिकडची इम्पोर्ट ड्युटी दोन्हीतही त्याचीच.

समजा तांदूळ टनाला ४०० डॉलर एफओबी, कंटेनरमध्ये २६ टन, भाडं १३०० डॉलर. म्हणजे टनामागे ५० भाडं, एखाद डॉलर विमा, सीआयएफ झाला ४५१. वरचे ५१ शिपिंग लाइन अन् विमा कंपनीला जातात, तुमच्या हातात तेच ४००. आता भाव कबूल केल्यावर भाडं १८२० झालं तर टनामागे २० डॉलर, एका कंटेनरमागे ५२० डॉलर तुमच्याच खिशातून गेले. असं होतं. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली अन् युरोपचं भाडं भडकलं. म्हणून सीआयएफ भाव देताना तो किती तारखेपर्यंत चालेल हे लिहूनच द्या.

आता खरी गोम. सीआयएफमध्ये भाडं तुम्ही शेवटपर्यंत भरता, पण मालाची जोखीम मात्र एफओबीसारखीच आपल्या बंदरात जहाजावर माल चढला की खरेदीदाराकडे जाते. वाटेत माल खराब झाला तर विम्याचा दावा त्याने करायचा. अन् तो विमा कसा असतो? नियमाने किमान मालाच्या किमतीच्या ११० टक्के, पण क्लॉज सी म्हणजे सगळ्यात कमी संरक्षणाचा विमा चालतो, त्यात आग, जहाज बुडणं, टक्कर असलं मोठं येतं, चोरी येत नाही, कंटेनरात घाम सुटून हळदीला बुरशी लागली तर तेही नाही. खरेदीदाराला हे आधीच सांगा, तो म्हणाला तर वरचे पैसे घेऊन क्लॉज ए म्हणजे जास्त संरक्षणाचा विमा काढा. नाहीतर भांडण तुमच्याशीच होते, अन् पुढची ऑर्डर गेली म्हणून समजा.

मग एफओबीच बरा का? नवीन माणसाला मला तरी तोच बरा वाटतो, भाड्याची टांगती तलवार नाही. पण त्यातही एक खाच आहे बाप्पा. फॉरवर्डर म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट खरेदीदाराने नेमलेला असतो, त्याला तुमची काही पडलेली नसते, अन् माल बंदरात पोचल्यावर तो बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याचा कागद) फी, सीलचे पैसे, डॉक्युमेंटचे पैसे असं एकेक लावून बिल तुमच्या नावानं पाठवतो. तेव्हा घासाघीस करायला जागाच राहत नाही, कारण बिल भरल्याशिवाय बिल ऑफ लेडिंग हातात येत नाही अन् त्याशिवाय बँकेतून पैसे सुटत नाहीत. म्हणून कंटेनर भरायच्या आधीच त्याच्याकडून लोकल चार्जेसची यादी लेखी घ्या अन् तो खर्च भावात धरा.

अजून एक, कोणी "एफओबी नागपूर" असं लिहून मागितलं तर थांबा. नागपुरात जहाज कुठून येईल? आयसीडीत कंटेनर सोपवून मोकळं व्हायचं असेल तर त्याला एफसीए नागपूर म्हणतात, अन् त्यात न्हावाशेवापर्यंतचं रेल्वेभाडं अन् वाटेतली जोखीम दोन्ही खरेदीदाराच्या अंगावर जातात.